न आवडणारा अवयव : ही नावड येते कुठून?

केतकी_सातारा

विषय जरा नाजूक असल्यामुळे त्याची चौकट आधीच सांगते. आपल्या शरीराचा जो भाग आपल्याला सर्वांत कमी आवडतो, त्याच्याविषयी आपल्याला नेमके काय वाटते, एवढाच प्रश्न आहे. लाज वाटते, राग येतो, कीव येते की नुसता कंटाळा? ही भावना केव्हापासून आहे आणि ती कोणी दिली, हे आठवते का? 'मनाचे सौंदर्य हेच खरे सौंदर्य' अशा आशयाचे प्रतिसाद कृपया देऊ नयेत; ते सर्वांना पाठ आहेत आणि त्यांनी आजवर कोणाचे नाक सरळ झालेले नाही.

सुरुवात माझ्यापासूनच करते. माझे नाक बसके आहे. 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' ही म्हण मी लहानपणी इतक्या जणांकडून आणि इतक्या प्रेमाने ऐकली, की लग्न म्हणजे काय हे उमजण्याआधीच त्याचा माझ्या नाकाशी काहीतरी संबंध आहे हे मला ठाऊक झाले होते. बोलणारे कोणी दुष्ट नव्हते. मावशी, आत्या, शेजारच्या काकू अशी घरचीच माणसे होती. तान्हेपणी अंघोळीच्या वेळी तेलाच्या बोटांनी माझे नाक चिमटीत धरून वर ओढले जात असे, आणि तरी ते वर आले नाही, हेही मला अनेकदा ऐकवले गेले आहे. प्रत्यक्षात लग्न एकाही विघ्नाविना पार पडले. तरीही कोणी छायाचित्र काढू लागले की माझी मान आपोआप समोर वळते, कारण बाजूने काढलेले मला नको असते. राग येत नाही, लाजही फारशी वाटत नाही. कार्यात पुढच्या रांगेत बसवायला संकोच वाटावा, पण ज्याला बोलावल्यावाचूनही चालत नाही, अशा नातेवाइकाबद्दल जे वाटते, ते मला माझ्या नाकाबद्दल वाटते.

दगडफूल

केतकीताई, नाकाचा विषय निघाला आहे आणि मी पुण्याचा आहे, तेव्हा थोडा इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाही.

१७९२ च्या सुमारास, टिपू सुलतानाबरोबरच्या युद्धात, इंग्रजी फौजेचा कावसजी नावाचा एक बैलगाडीवान टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला आणि मग पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याला नवे नाक करून दिले. या शस्त्रक्रियेचे सचित्र वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये छापून आले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून तो कपाळावर सपाट ठेवायचा, त्याभोवती रेघ काढायची, तेवढी कातडी सोडवायची, पण दोन्ही भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवून ती खाली वळवायची, अशी ती रीत होती. सांधा धरून ठेवण्यासाठी पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर लावून त्या एकावर एक बसवीत, आणि साधारण पंचविसाव्या दिवशी जोडपट्टी कापून टाकीत. हे वर्णन वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये अशी शस्त्रक्रिया केली, आणि युरोपात ही विद्या पुन्हा रुजली.

धाग्याच्या प्रश्नाशी याचा संबंध असा, की कपाळावर कायमचा मोठा व्रण राहणार हे ठाऊक असूनही त्या काळची माणसे हा सौदा पत्करीत होती. त्या वेळी भूल नव्हती, हेही लक्षात घ्यावे. नाक नसणे म्हणजे केवळ कुरूप दिसणे नव्हते. गुन्हेगार किंवा व्यभिचारी म्हणून शिक्षा झालेला माणूस अशी ती जाहीर पाटी होती. कपाळावरचा व्रण निदान काही बोलत नव्हता.

केतकी_सातारा

दगडफूल, माहिती उत्तम आहे. पण कावसजीचे नाक कोणीतरी कापले होते, माझे जागच्या जागी शाबूत आहे. ज्याचे काही गेले त्याचे दुःख आणि ज्याचे काहीच गेलेले नाही त्याची कुरकुर यांना मी एका तागडीत घालू इच्छित नाही. पाटीचा मुद्दा मात्र पटला.

वऱ्हाडी_माणूस

पाटीच्या मुद्द्यावरूनच मी पुढे लिहितो, कारण माझी पाटी माझ्या दातांवर आहे.

माझे गाव यवतमाळ जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेकडच्या भागात आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतीय मानकात एक मिलिग्रॅम ही मर्यादा असून दुसरे पाणीच उपलब्ध नसेल तर दीडपर्यंत सूट आहे. त्याहून जास्त फ्लोराइड असलेले पाणी साधारण वयाच्या आठ वर्षांपर्यंत, म्हणजे पक्क्या दातांचे एनॅमल (दातावरचे कठीण आवरण) हिरडीच्या आत घडत असताना, सतत पोटात गेले, तर दात येतात तेच पांढुरके ठिपके किंवा तपकिरी पट्टे घेऊन येतात. घासून ते जात नाहीत, कारण तो वरून बसलेला मळ नसून दाताच्या घडणीतला दोष असतो. बाहेरगावाहून बदली होऊन आलेल्या गुरुजींनी तेच पाणी कितीही वर्षे प्यायले तरी त्यांचे दात पट्टेरी होत नाहीत; हाडांचे दुखणे मात्र त्यांनाही लागू शकते. पाणी उकळूनही उपयोग नाही, कारण पाणी आटते आणि फ्लोराइड तेवढेच राहते. तुरटी आणि चुना वापरून ते काढण्याची 'नालगोंडा पद्धत' आमच्याच नागपूरच्या 'नीरी' संस्थेने १९७० च्या दशकात विकसित केली, आणि आमच्या गावापर्यंत पोचायला तिला बराच प्रवास करावा लागला असावा, कारण माझ्या लहानपणी तरी ती कोणी पाहिली नव्हती.

आता भावनेविषयी. गावात असेपर्यंत या दातांबद्दल मला काहीही वाटत नव्हते. वर्गातल्या सर्वांचे दात तसेच होते, आणि एखादी सून पांढऱ्या दातांची असली तर ती लांबच्या गावची आहे, एवढाच त्याचा अर्थ होता. अकरावीसाठी अमरावतीला वसतिगृहात आलो तेव्हा एका मुलाने मला अगदी सरळ मनाने विचारले, की मी तंबाखू केव्हापासून खातो. दुसऱ्याने दात घासण्याची योग्य पद्धत समजावून सांगितली. तेव्हापासून मी ओठ मिटून हसतो, आणि अनेकांना मी गंभीर स्वभावाचा वाटतो. पट्टे दिसतात याचे मला फारसे दुःख नाही. त्यावरून मी अस्वच्छ किंवा व्यसनी ठरतो, ते सहन होत नाही. जे दात सोळा वर्षे माझ्या तोंडात बिनतक्रार होते, ते केवळ एका बस प्रवासाने वाईट कसे झाले, हे मला अजून उलगडलेले नाही.

एक व्यावहारिक प्रश्नही आहे. माझी भाची आठवीत आहे आणि तिचे दात माझ्यासारखेच आहेत. ताई म्हणते की लग्नाच्या वेळी पाहू. माझे मत असे, की तिने वसतिगृहात जाण्याआधीच काहीतरी करावे. येथे कोणी दंतवैद्य आहेत का?

राईनकाठी

सर्वांच्या लिखाणात नावड बाहेरून आलेली दिसते, म्हणून एक उलटे उदाहरण नोंदवतो. मला माझे तळहात आवडत नाहीत आणि त्याबद्दल मला कधीही कोणी काही बोललेले नाही. त्यांना कायम घाम सुटतो. परीक्षेत उत्तरपत्रिकेखाली रुमाल ठेवून लिहावे लागे, तरी शाई पसरत असे. भारतात असताना नमस्कारावर निभावून जात होते. जर्मनीत नोकरीला आल्यावर मात्र बैठकीच्या सुरुवातीला खोलीतल्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करण्याची पद्धत वाट्याला आली, आणि दाराशी उभे राहून पँटच्या खिशात हात पुसणे हा माझ्या कामाचाच एक भाग झाला.

मला लाज वाटत नाही, चीड येते. हात देखणे आहेत की नाहीत याचा मी कधी विचारही केला नाही. ते माझे ऐकत नाहीत, हा माझा आक्षेप आहे. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने साध्या पाण्याच्या तबकात हात ठेवून सौम्य विद्युतप्रवाह सोडण्याचे उपचार घेतले. त्यांनी बराच फरक पडतो, परंतु ते सोडले की घाम परत येतो.

त्वचातज्ज्ञ_कोल्हापूर

राईनकाठी यांनी सांगितलेला उपचार प्रचलित आहे आणि तो नियमित घ्यावा लागतो, हेही खरे. मला मात्र दुसऱ्या एका अवयवाविषयी लिहायचे आहे, तो म्हणजे मानेचा मागचा भाग.

काळवंडलेल्या मानेच्या मुलींना घेऊन आया येतात. येण्यापूर्वी लिंबू, बेसन, काथ्या, क्वचित वजरी असे सर्व प्रयोग झालेले असतात आणि मानेची सालटी निघालेली असते. मुलगी अंघोळ नीट करीत नाही, असा आईचा पक्का ग्रह असतो. जाडसर, मखमली पोताचा असा काळेपणा मानेवर आणि काखेत दिसला, तर तो पुष्कळदा शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नसल्याचे लक्षण असते. अशा मुलीचे वजन, रक्तातील साखर आणि पाळीची नियमितता पाहावी लागते. मान घासून तो जात नाही. वजन कमी झाले आणि इन्सुलिनचे गणित सुधारले, की हळूहळू फिकट होतो. ज्या भागाची लाज वाटून मुलगी वर्षभर ओढणी गुंडाळून वावरते, तोच भाग मधुमेहाची सूचना वेळेवर देत असतो.

रंगाच्या नावडीने होणारे खरे नुकसान मात्र मी चेहऱ्यावर पाहतो. गोरेपणाचे पहिले प्रसिद्ध क्रीम आपल्या बाजारात १९७५ मध्ये आले आणि २०२० मध्ये त्याच्या नावातून 'फेअर' हा शब्द गेला, त्यावर पुष्कळ चर्चा झाली. त्याहून कितीतरी घातक गोष्ट औषधांच्या दुकानात मिळते, ती म्हणजे स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचे मिश्रण असलेली मलमे. ती थोड्या दिवसांपुरती आणि देखरेखीखाली वापरायची असतात. शेजारणीच्या सांगण्यावरून महिनोन्‌महिने लावली की त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात, पुरळ येते, नको तिथे लव वाढते. आणि मलम बंद करताच चेहरा भाजल्यासारखा होतो, म्हणून माणूस ते पुन्हा लावतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमे अनुसूची 'एच'मध्ये घालून ती चिठ्ठीशिवाय देण्यास मनाई केली. दुकानदाराला नुसते नाव सांगून मलम मिळते की नाही, हे वाचकांना ठाऊक असेलच.

मंगेश_ठाणे

पुरुष सदस्य गप्प का आहेत? माझे पोट. हात-पाय काटकुळे आणि मधोमध पोट, अशी माझी बांधणी आहे. वजनकाट्यावर मी निर्दोष ठरतो, त्यामुळे तक्रार केली की लोक हसतात.

या बांधणीला निदान वैज्ञानिक साहित्यात मानाचे स्थान आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा म्हणून पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर सांगितली जाते, ती याच कारणाने. मी नव्वदच्या पुढे आहे. त्यामुळे माझी नावड ही सौंदर्यदृष्टी नसून भीती आहे, असे मी घरी सांगतो. खरे कारण असे, की शर्ट खोचता येत नाही.

चंद्रकोर

धागा आरंभापासून वाचत होते आणि लिहावे की नाही, याचा विचार करीत होते. मला कोड आहे. आधी हातांवर, मग ओठांच्या कडांना आणि डोळ्यांभोवती डाग आले.

वरील बहुतेक प्रतिसादांत प्रत्येकाचा न आवडणारा भाग निश्चित आहे, त्याला सीमा आहे. माझ्या बाबतीत ती सीमाच सरकत राहते. आज जी जागा मला आवडते, ती पुढच्या वर्षी त्या यादीत असेल का, हे मला सांगता येत नाही. त्यामुळे कोणत्याही एका भागाशी भांडण पूर्ण होत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा रंग तयार करणाऱ्या पेशींवरच उलटते, त्यातून हे होते. ते संसर्गजन्य नाही, मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने होत नाही, आणि त्याचा कुष्ठरोगाशी काडीचाही संबंध नाही. ही वाक्ये मी हळदीकुंकवापासून मुलाखतींपर्यंत इतक्या ठिकाणी म्हटली आहेत, की आता समोरच्याची नजर हाताकडे गेली की ती आपोआप सुरू होतात. माझे डाग मला फारसे खुपत नाहीत. त्यांचे स्पष्टीकरण देण्याचे काम कायमचे माझ्याकडे आले, त्याचा मला मनापासून कंटाळा आहे.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेल्या 'श्वेता असोसिएशन'च्या बैठकीला प्रथम गेले, तेव्हा सबंध संध्याकाळ कोणीही माझ्या हातांकडे पाहिले नाही. वऱ्हाडी_माणूस यांच्या वर्गात जे होते, तेच तिथे होते.

शूर्पकर्ण

सदस्यनाम शाळेने दिले आहे. कान सुपासारखे पुढे आलेले होते, आणि मी नोकरीला लागल्यावर पहिल्या साठलेल्या पैशांतून ते शस्त्रक्रियेने मागे बसवून घेतले. याविषयी मला कोणताही तात्त्विक संकोच नाही. कानाच्या कूर्चेची एक घडी जन्मतः नीट पडलेली नसते, ती टाके घालून पाडतात. काही आठवडे रात्री पट्टी बांधावी लागते आणि काम संपते. 'जसे आहात तसे स्वतःला स्वीकारा' असे मला सांगणाऱ्यांचे कान, मी पाहिले आहे, नेहमी डोक्याला चिकटलेले असतात.

नव्या आईवडिलांसाठी एक माहिती देतो: जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाळाच्या कानाची कूर्चा आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे मऊ असते. त्या काळात साचा बसवून बरेचसे कान शस्त्रक्रियेविना वळवता येतात. त्यामुळे वाट पाहण्यापेक्षा लवकर विचारावे.

मनोविकार_नाशिक

शूर्पकर्ण यांचा अनुभव प्रातिनिधिक आहे. दोष इतरांनाही दिसणारा असेल, अपेक्षा नेमकी असेल, तर शस्त्रक्रियेनंतर माणसे बहुधा समाधानी असतात. पण माझ्याकडे येणारा एक गट वेगळा आहे, आणि त्याची नोंद येथे व्हायला हवी.

ही माणसे दिवसातले काही तास आरशात एकच भाग तपासतात, किंवा आरसा झाकून ठेवतात. मोबाइलमध्ये त्या भागाची असंख्य छायाचित्रे असतात. घरच्यांना पुन्हापुन्हा विचारतात आणि मिळालेल्या उत्तरावर त्यांचा विश्वास बसत नाही. समोरच्याला तो दोष एक तर दिसतच नाही, किंवा अगदी किरकोळ वाटतो. एन्रिको मोर्सेली या इटालियन मनोविकारतज्ज्ञाने १८९१ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. ती शंभरात साधारण दोघांना असावी असा अंदाज आहे, म्हणजे ती दुर्मीळ नाही. अशा व्यक्तीने नाक बदलून घेतले तर समाधान होत नाही. तक्रार त्याच नाकाविषयी चालू राहते किंवा हनुवटीकडे सरकते. औषधे आणि विचार-वर्तनावर काम करणारे उपचार यांनी मात्र निश्चित फरक पडतो. कॉलेज किंवा नोकरी सुटू लागली, लोकांत जाणे थांबले, तर 'वय आहे, जाईल' असे म्हणून थांबू नये. जगणे नको वाटू लागले असेल, तर त्याच दिवशी मदत घ्यावी.

देवगडची_आजी

माझ्या टाचा. सगळा जन्म लावणीच्या चिखलात गेला. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या आणि थंडीत टाचांना भेगा, हे ठरलेलेच. रात्री मुठेल, म्हणजे कोकमाचे तेल, दिव्यावर पातळ करून भेगांत भरायचे आणि झोपायचे. दुखले की राग यायचा, दिसण्याचा विचार कोण करतो? लेकीच्या लग्नात दादरच्या सभागृहात व्याह्यांच्या बायकांचे पाय पाहिले, तेव्हा मी पदर पावलांवर ओढून बसले होते. त्या बसण्याचाच मला आता जास्त राग येतो, टाचांचा येत नाही.

दंतवैद्य_सांगली

वऱ्हाडी_माणूस, उशिरा उत्तर देत आहे. डाग सौम्य असतील तर दाताचा अगदी पातळ थर घासून काढणे आणि वर रेझिन भरणे पुरते. पट्टे गडद असतील, खड्डे पडले असतील, तर कॉम्पोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणद्रव्याचा, लेप करतात. व्हिनिअरची, म्हणजे दातावर चिकटवायच्या पातळ कवचाची, घाई या वयात करू नये. त्यासाठी निरोगी एनॅमल तासावे लागते आणि हिरडीची कडही अजून स्थिरावलेली नसते. नुसते ब्लीचिंग करून घेऊ नका, त्याने कधीकधी पांढरे चट्टे अधिकच उठून दिसतात. लहान भावंडे असतील तर आधी त्यांच्या पाण्याची तपासणी करा, कारण त्यांचे दात अजून वाचवता येतील. आणि भाचीला काय हवे आहे, हे कोणी तिला विचारले आहे का?

वऱ्हाडी_माणूस

डॉक्टर, आभारी आहे. धाकट्या भाच्यासाठी पाण्याचा नमुना तपासायला देत आहोत. भाचीला काल दूरध्वनीवर विचारले. दातांचे तिला काहीच वाटत नाही, असे ती म्हणाली. तिला कबड्डीच्या जिल्हा संघात जायचे आहे आणि तिच्या मते तिच्या पिंडऱ्या फार बारीक आहेत. त्यावर येथे कोणाकडे काही व्यायाम असल्यास सुचवावा, असा तिचा निरोप आहे.